मोजा फिरवला का?

आत्याबाईंनी सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात काढली. त्या निवृत्त झाल्या, पण तो विभाग काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाला नाही. तुम्हाआम्हाला जिना दिसतो, तिथे आत्याबाईंना जिन्यावरून गडगडत आलेला माणूस दिसायचा. आपण म्हणावं, काय सुंदर गुळगुळीत फरशी आहे, तर त्या म्हणणार, हिच्यावर एखादा खुबा मोडल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, एक पडलेली आणि दुसरी अजून पडायची राहिलेली.

आत्या त्या खरं तर एकाच माणसाच्या, त्यांच्या वकील पुतण्याच्या. पण तो येता-जाता 'आत्या, आत्या' करत दारातून शिरायचा, त्यामुळे सगळ्या घरानेच तो शब्द उचलला. घर तीन मजल्यांचं. तळमजल्यावर आत्याबाई आणि वर भाडेकरू. भाडेकरूंशी त्यांचं वागणं चोख होतं. नळ गळायला लागला की संध्याकाळच्या आत प्लंबर हजर, आणि जिन्यात कोणी चपला काढून ठेवल्या की त्याहून लवकर आत्याबाई हजर.

दुसऱ्या मजल्यावर बेकरीवाली राहायची. हमरस्त्यावरच्या बेकरीत ती पाव भाजायची, आणि कितीही आंघोळ केली तरी तिच्या अंगाचा पिठाचा वास जात नसे. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखा यायचा. मुलं दोन. थोरलीला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड झोपेतही चालू असतं असं तिची आईच सांगायची. धाकट्याचं नाव पडलं होतं चेंडू. तो सारखा आपटायचा आणि आपटला की उसळून उठायचा.

शाळा सुटून मुलं घरी यायची आणि आई बेकरीतून यायची, यांच्या मधला वेळ आत्याबाईंच्या वाट्याला आला होता. तो त्यांना कोणी दिला नव्हता, त्यांनी मागितला नव्हता. जिन्यात धप्प आवाज झाला की दार उघडायचं आणि आत्याबाई बाहेर यायच्या. त्या चेंडूला उचलून घेत नसत की 'अरे माझ्या राजा' करत नसत. समोरच्या पायरीवर बसून सरळ पंचनामा सुरू करत. पडलास कुठे, या पायरीवर की त्या? पायात काय होतं? हातात काय होतं? पडण्याआधी चालत होतास, पळत होतास की नाचत होतास? पाहिलं कोणी? टकळी साक्षीदार म्हणून कायम तयार असायची, न पाहिलेलंही तिला बरंच आठवायचं, आणि तेवढ्यासाठी आत्याबाईंची बोलणीही खायची. चेंडू हुंदके देत उत्तरं द्यायचा, चौथ्या प्रश्नाला रडणं विसरायचा आणि पाचव्याला पुन्हा पडून दाखवायचा. मग निकाल लागायचा. 'बुटाची नाडी दोषी.' किंवा, 'पायरीचा काही दोष नाही, पडणाऱ्याचं लक्ष मांजराकडे होतं.' निकालानंतर गुडघा धुणं, पट्टी, बिस्किट. पुढे पुढे तर साधं टेंगूळ आलं तरी चेंडू आत्याबाईंची कडी वाजवून पंचनाम्याची मागणी करायला लागला.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी बेकरीवाली गरम पाव घेऊन खाली आली. पाव टेबलावर ठेवला तरी ती जाईना, तेव्हाच आत्याबाईंना कळलं की हिच्या पोटात काहीतरी आहे. शेवटी तिने सांगितलं. पुलापलीकडे नवी वसाहत झाली आहे, तिथे मुलांना खेळायला मोठं मैदान आहे. इथे जिन्यात पळू नका, गच्चीवर जाऊ नका, रस्त्यावर तर गाड्या. मुलं वाढतायत, त्यांनी वाढायचं कुठे? आत्यांशी काही वाकडं नाही, घरही चांगलं आहे, पण येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आम्ही ती जागा बघून येणार आहोत.

आत्याबाई म्हणाल्या, बघून या की, मुलांना जागा हवीच. हसत म्हणाल्या. दार लावलं आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या. दुसरा भाडेकरू त्यांना चुटकीसरशी मिळाला असता, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता की दुपारी जिन्यात धप्प आवाज झाला नाही तर दार उघडायचं कशासाठी. आत्याबाईंना ती दोन पोरं हवी होती. इतकं साधं होतं ते, पण आयुष्यभर दुसऱ्यांचे दावे निकालात काढणाऱ्या बाईला स्वतःचा दावा कुठे लावायचा ते माहीत नव्हतं.

पाव गार होईपर्यंत त्यांचा विचार पक्का झाला. घरामागे आवार होतं. त्यात फुटकी पाण्याची टाकी, गंजलेले पाइप आणि एका जुन्या भाडेकरूने सोडून दिलेलं कपाट, एवढंच काय ते नांदत होतं. ते सगळं भंगारात घालायचं आणि तिथे मुलांसाठी खेळायची जागा करायची. झोका, घसरगुंडी, चढायची शिडी, वाळूचा हौद.

पुतण्याला हे कळलं तेव्हा तो चहा पीत होता. चहा तसाच राहिला. हा पुतण्या वकील झाल्यापासून इतका जपून बोलायला लागला होता की वाढदिवसाच्या शुभेच्छाही सर्व हक्क राखून द्यायचा. तो म्हणाला, आत्या, हे म्हणजे आ बैल मुझे मार. भाड्याच्या घरात खेळायची जागा करायची, तिथे कोणाचं तरी पोर पडणार, आणि मग तू आणि मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. आत्याबाई म्हणाल्या, पोर पडणारच आहे, ते मला तू सांगायला नको. कसं पडू द्यायचं तेवढं सांग.

मग पुतण्याने तीन अटी घातल्या. पहिली, विमा उतरव. दुसरी, फाटकाशी बोर्ड लाव, तो मी करून आणतो. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मुलं खेळत असताना तू तिथे पाऊल ठेवायचं नाही.

"का म्हणून?" आत्याबाईंनी विचारलं.

"तू तिथे उभी राहिलीस म्हणजे देखरेख स्वीकारलीस. देखरेख स्वीकारली की जबाबदारी आली. आणि कोणी पडलं तर तुझा तो पंचनामा अजिबात नको. उद्या तोच तुझ्याविरुद्ध वापरतील. चूक कोणाची, हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही."

आत्याबाईंनी अटी मान्य केल्या. दावे विभागात त्यांनी असे किती तरी मालक पाहिले होते, जे भलेपणाने 'माझंच चुकलं' म्हणाले आणि मग कंपनीला ते वाक्य गिळता गिळता नाकी नऊ आले. पुतण्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं, आणि रविवार तर तोंडावर आला होता.

विमा उतरवायला त्या आपल्या जुन्या कार्यालयात गेल्या. तिथला साहेब कधीकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. आत्याबाईंना पाहून तो खुर्चीतून अर्धा उठला आणि काम होईपर्यंत तसाच अर्धवट उभा राहिला. त्याने अटी सांगितल्या: खाली मऊ जमीन, भोवती कुंपण, फाटकाला कडी. आत्याबाई म्हणाल्या, बस एवढंच? आणि झोक्याच्या मागची मोकळी जागा कोण बघणार? साखळीत बोटं अडकतात त्याचं काय? टोपीची दोरी घसरगुंडीच्या कठड्याला अडकते ते विसरलास का? साहेब घाम पुसत सगळं लिहून घेत राहिला.

मग वेल्डर आला. हा चांगला कसलेला माणूस, फाटकं, जाळ्या, तिजोऱ्यांची दारं केलेला. पण आत्याबाईंच्या तपासणीची पद्धत त्याने कुठे पाहिली नव्हती. त्या हातात एक जुना लोकरी मोजा घालायच्या आणि प्रत्येक दांड्यावरून, प्रत्येक सांध्यावरून, कठड्याच्या आतून आणि खालून तो फिरवायच्या. लोकरीचा एक धागा जरी कुठे अडकला तरी ते काम परत. लोकर अडकते तिथे कातडी अडकते, असा त्यांचा हिशेब. वेल्डर पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी चिडला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने घरून आपलाच एक मोजा आणला. बाई येण्याआधी स्वतःच फिरवून घेतलेलं बरं, म्हणाला.

टकळी आणि चेंडू कुंपणाला नाक लावून हा सगळा सोहळा बघत असत. वेल्डर काही नवीन ठेवायचा, की टकळी बाहेरून ओरडायची, 'मोजा फिरवला का?' वेल्डर आतून म्हणायचा, फिरवला गं माझे आई.

रबराच्या चटया पसरल्या गेल्या, हौदात वाळू पडली, झोके टांगले गेले. सगळ्यात शेवटी पुतण्याने बोर्ड आणला. पत्र्याचा चकचकीत बोर्ड, पांढऱ्यावर लाल अक्षरं: 'येथे आपापल्या जबाबदारीवर खेळावे. कोणत्याही इजेस मालक जबाबदार राहणार नाहीत.' पुतण्याचं म्हणणं होतं, वर कुठेतरी लावून टाक. पण आत्याबाई अशा कामात कधी 'कुठेतरी' म्हणत नसत. एकदा एका दुकानात 'फरशी ओली आहे' हा बोर्ड पार छताजवळ लावला होता, खाली एक म्हातारी घसरली, आणि कंपनीला दावा भरावा लागला होता. इशारा ज्याला द्यायचा त्याच्या डोळ्यांसमोर हवा, हे तेव्हा त्यांच्या मनावर कोरलं गेलं. इथे खेळणार कोण? मुलं. मग बोर्ड मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. शिवाय येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला, दोघांनाही वाचता आला पाहिजे, म्हणून फाटकाच्या खांबाला तो आडवा, बाहेर आलेला असा लावला. त्यावर मोजा फिरवायचं कोणाच्याही मनात आलं नाही. सुरक्षिततेच्या वस्तूची सुरक्षितता कोण तपासतो? आणि चेंडूला अजून वाचता येत नव्हतं, ही गोष्ट तर कोणाच्या ध्यानातच नव्हती.

फाटक उघडलं त्या दुपारी सगळ्या मजल्यांवरची पोरं आत घुसली. नुसता गलका. आत्याबाई आपल्या खोलीच्या मागच्या खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. इतकं छान वाटलं त्यांना की त्या पुतण्याची अट विसरून चप्पल घालून दारापर्यंत गेल्या, आणि मग आठवण होऊन परत फिरल्या.

तिसऱ्या दिवशी चेंडू झोक्यावरून उतरताना गुडघ्यावर आला. खाली रबर होतं, खरचटलंही धड नव्हतं, पण पडणं ते पडणं. तो ऐटीत खिडकीखाली आला, गुडघा वर करून दाखवला आणि वाट बघत उभा राहिला. आत्याबाईंच्या ओठांवर पहिला प्रश्न आलाही होता. त्यांनी तो गिळला. 'जा, खेळ जा,' एवढंच म्हणाल्या. पोराला समजेना. त्याने दुसरा गुडघा दाखवला. तेव्हा आत्याबाईंनी पडदा ओढून घेतला आणि पडद्याच्या अलीकडे त्यांनाच रडू आलं. कायद्याने वागणं एवढं जड जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यानंतर मुलं खेळायची, पण त्यात जीव नव्हता. पडायचं, इकडेतिकडे बघायचं, आणि कोणी विचारत नाही म्हणून उठायचं. बेकरीवालीने जागेचं तोंड भरून कौतुक केलं. पण बोलताना तिची नजर त्या ओढलेल्या पडद्याकडे जात होती. आणि रविवारी तिकडे जाणार नाही, असं काही तिने म्हटलं नाही. आम्ही शब्द दिलाय, बघून तरी येतो, म्हणाली.

रविवारी ती आणि घरी आलेला तिचा नवरा, दोघं पुलापलीकडे गेली. मुलांना खाली खेळायला ठेवून गेली. पुतण्या बोर्ड नीट लागला आहे ना ते बघायला आला होता आणि आत्याबाईंच्या खोलीत चहा पीत होता. आत्याबाई पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होत्या. या वेळी ती दोघं तिथलं मैदान बघत असतील, हा एकच विचार त्यांच्या मनात घोळत होता.

चेंडूचा चेंडू फाटकाबाहेर गेला. तो त्याच्यामागे धावला. धावता धावता मागे वळून टकळीला काहीतरी सांगत होता, तेवढ्यात खण्ण असा आवाज झाला. आत्याबाईंनी तो आवाज ओळखला, कारण फाटकाशी पत्र्याची वस्तू एकच होती.

त्या अनवाणी धावल्या. मागून पुतण्या धावत होता आणि धावता धावता दबक्या आवाजात सांगत होता, आत्या, काही बोलू नकोस, वाईट वाटलं म्हण, पण चूक कबूल करू नकोस. चेंडूच्या कपाळाला खोक पडली होती. भुवईच्या वर, रक्त नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेलं. आत्याबाईंनी त्याला चटईवर बसवलं, पदराने जखम दाबून धरली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पुतण्या समोर उभा राहून मानेने नको नको करत होता.

चेंडू मोठ्याने रडत होता. रडता रडता थांबला, एक डोळा उघडून आत्याबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्याआजी, विचार ना."

आत्याबाईंनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने पुन्हा मान हलवली. त्यांनी पदर जखमेवर आणखी घट्ट दाबला.

तेव्हा टकळी पुढे झाली. भावाच्या समोर मांडी घालून बसली, पाठ ताठ केली, आणि थेट आत्याबाईंच्या सुरात तिने सुरू केलं.

"पडलास कुठे?"

"पडलो नाही. आपटलो."

"कशावर?"

"त्या पत्र्यावर."

"पायात काय होतं?"

"बूट. नाडी बांधलेली आहे." त्याने पाय पुढे करून दाखवला.

"लक्ष कुठे होतं?"

"तुझ्याकडे."

"पाहिलं कोणी?"

याचं उत्तर टकळीने स्वतःच दिलं. साक्षीदार मीच आहे, आणि या वेळी खरंच पाहिलं आहे. मग ती उठली, फाटकाशी गेली आणि बोर्डाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. लगेच मागे घेतला. वळून आत्याबाईंकडे बघत तिने अगदी हळू विचारलं,

"आत्याआजी, याच्यावर मोजा फिरवला होतास?"

पुतण्या म्हणाला, हा प्रश्न आत्ता इथे विचारणं योग्य नाही. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. एवढ्या वर्षांत आत्याबाईंनी किती मालकांना, किती ठेकेदारांना समोर बसवून असेच प्रश्न विचारले होते. कोण उत्तर टाळतं आणि कोण देतं, यावरून त्या माणसाची पारख करायच्या.

"नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मोजा नाही फिरवला. आणि एवढा खाली मीच लावला. चूक माझी."

पुतण्याने डोळे मिटून घेतले. चेंडूचं रडणं मात्र थांबलं. निकाल लागला होता.

"बोर्ड दोषी?" त्याने विचारलं.

"बोर्डाचं काय रे, तो लावाल तिथे लटकतो. लावणारी दोषी."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, टाके न घालता चिकटपट्टीने ती जोडली आणि कपाळ छान मजबूत आहे असं प्रशस्तिपत्र दिलं. चेंडू ते सगळ्यांना सांगत घरी आला. त्यांच्या पाठोपाठच बेकरीवाली आणि तिचा नवरा फाटकातून आत शिरले. मुलाचं कपाळ बघून बेकरीवालीचा चेहरा उतरला. पुतण्या घसा साफ करून काहीतरी म्हणणार, एवढ्यात आत्याबाईंनी त्याला हाताने मागे सारलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. बोर्ड कुठे होता, का होता, कोपरा कसा राहून गेला. काही लपवलं नाही. वर म्हणाल्या, कंपनीकडे दावा लाव, मी तुझ्या बाजूने साक्ष देते.

बेकरीवालीने पोराची पट्टी बोटाने हलकेच चाचपली. "जरा खाली लागलं असतं तर डोळा गेला असता, आत्या."

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "गेला असता."

बेकरीवाली घसरगुंडीच्या कडेवर बसली. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्याबाई उभ्या होत्या. आता ही म्हणणार, आम्ही जातो, आणि आपल्याला हो म्हणावं लागणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

पण तिने सांगायला घेतलं ते पुलापलीकडचं. मैदान खूप मोठं आहे म्हणाली. रंगीबेरंगी, घसरगुंड्याच कितीतरी. आत शिरण्याआधी तिथल्या माणसाने कागद पुढे केला, सही करा म्हणाला. मूल पडलं, लागलं, तर आमची जबाबदारी नाही, असं लिहिलेलं.

"मी त्याला विचारलं, मूल पडलं तर येतं कोण? तो म्हणाला, कॅमेरा आहे."

नवरा हसला. ती हसली नाही.

"तिथे कोणाचीच जबाबदारी नाही, आत्या. इथे निदान एक माणूस म्हणतं, माझी आहे." मग ती जरा थांबली आणि मनातलं बोलली. "पण तुम्ही पडदा ओढून बसायला लागलात. मला वाटलं, आमची मुलं तुम्हाला नकोशी झाली. म्हणून तर तिकडे जायचं ठरलं ते ठरलंच राहिलं."

आत्याबाईंनी पुतण्याकडे बोट केलं. "याने सांगितलं होतं. मी तिथे दिसले की जबाबदारी येते म्हणे." आणि एवढ्यावर थांबणार होत्या, पण आज कबुलीचाच दिवस होता. "नकोशी कशाने होतील गं? ती जाऊ नयेत म्हणून तर हा सगळा खटाटोप केला. तू पाव ठेवून गेलीस त्या दिवशी मी जेवले नाही."

बेकरीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं आणि कामाचं बोलली. "मग तो पडदा आधी काढा. धुवायला टाका नाहीतर जाळा. मी घर सोडत नाही."

टकळीने ही बातमी तिथल्या तिथे तिन्ही मजल्यांना ओरडून कळवली. पुतण्या बिचारा पत्र्याचा बोर्ड काढून हातात घेऊन उभा होता. त्याचा अख्खा बचाव विरुद्ध पक्षाच्या वकिलाने नाही, मांडी घालून बसलेल्या एका पोरीने उद्ध्वस्त केला होता, आणि सगळे त्यावर खूश होते. शेवटी तोही हसला. वकील असला तरी पुतण्याच तो.

दुसऱ्या दिवशी वेल्डरने बोर्डाचे कोपरे कापून गोल केले. लाल अक्षरांची बाजू आत गेली. मागच्या कोऱ्या बाजूवर काय लिहायचं यावर मुलांची सभा भरली, आणि टकळीने जाड ब्रशने, ओळ थोडी वर चढवत, एकच वाक्य रंगवलं. संध्याकाळी पुतण्या आला. त्याने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

'पडल्यास आत्याआजीला हाक मारा.'

"आत्या," तो म्हणाला, "कायद्याच्या दृष्टीने याहून वाईट वाक्य मी आजवर पाहिलेलं नाही."

"मग नीट लिहिलंय," आत्याबाई म्हणाल्या आणि हातातला लोकरी मोजा त्याच्यापुढे धरला. "टांगायच्या आधी सगळ्या कडांवरून फिरव. आणि वर लाव, तुझ्या डोक्याच्या वर."

वकीलसाहेबांनी निमूटपणे मोजा हातात घातला. चारही कडा झाल्या, कोपरे झाले, मागची बाजू झाली, एक धागा अडकला नाही. मग स्टुलावर चढून त्यांनी बोर्ड टांगला, आणि आत्याबाई त्या स्टुलाचे पाय घट्ट धरून उभ्या राहिल्या.

बोर्ड सरळ लागला की नाही हे बघायला सगळे मागे सरकले. चेंडूला अजूनही ते वाचता येत नव्हतं, पण टकळीने त्याला वाचून दाखवलं होतं. तो झोक्यापाशी गेला, इकडेतिकडे बघितलं, चटईवर अलगद आडवा झाला आणि ओरडला, "आत्याआजी, पडलो."

आत्याबाईंनी पदर खोचला आणि फाटकातून आत गेल्या. त्याच्या समोर मांडी घालून बसल्या.

"हं. पडलास कुठे?"